न पटलेले ठोके

“पण आत न शिरता आतलं कळणार कसं?” अप्पांनी विचारलं.

विरूपाक्ष हसला. हा प्रश्न त्याला आजवर शे-दोनशे जणांनी विचारला होता आणि उत्तर तोंडपाठ होतं.

“वीज सांगते, अप्पा.”

“वीज?”

“अगदी थोडी. अंगावरच्या मुंगीलाही कळणार नाही इतकी. मानेपाशी आत सोडायची, बरगडीखाली बाहेर काढायची. हाड, मांस, हवा… सगळं तिला अडवतं. रक्त त्या मानानं कमी अडवतं. हृदयानं रक्त फेकलं की छातीतली मोठी नळी भरते आणि विजेची वाट जरा सोपी होते. पुढच्या ठोक्याला पुन्हा तसंच. वाट किती सोपी झाली ते मोजायचं, की हृदय किती रक्त फेकतंय ते कळलं. सुई नाही, नळी नाही, टाका नाही.”

“म्हणजे उंबऱ्याबाहेर उभं राहून घरात किती माणसं आहेत ते ओळखायचं.”

“ओळखायचं नाही, अप्पा. मोजायचं.”

“बरं…” अप्पा म्हणाले.

गुरूला चार गोष्टी समजावून सांगायची संधी शिष्याला जन्मात एखाद्या वेळीच मिळते. विरूपाक्षानं ती सोडली असती तर त्याला माणूस म्हणता आलं नसतं, देवच म्हणावं लागलं असतं. तो माणूस होता. त्यानं विजेची वाट आणखी एकदा समजावून सांगितली.

अप्पा म्हणजे नंदीहाळच्या मठाचे स्वामी. सोलापूरपासून तासाभराच्या वाटेवर, काळ्या रानात हा लिंगायत मठ. चार खोल्या, एक चिंच, एक विहीर आणि दुपारी येईल त्याला भाकरी. विरूपाक्ष झुंजे पाचवीपासून दहावीपर्यंत याच मठात राहून शिकला. मग पुण्याला गेला, इंजिनिअर झाला आणि सहा वर्षं खपून त्यानं हे यंत्र उभं केलं. आतल्या वायरीपासून पडद्यावर आकडा आणणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत सगळं त्याच्या हातचं.

अप्पा ऐंशीच्या घरात होते. दोन महिन्यांपासून त्यांच्या पायांवर सूज होती आणि चार पावलं टाकली की दम लागायचा. सोलापूरचे डॉक्टर कस्तुरे म्हणाले, शिरेतून नळी घालून हृदय तपासू. अप्पा नको म्हणाले. मग नुसते दवाखान्यात येऊन राहा म्हणाले. अप्पा त्यालाही नको म्हणाले. अख्खं गाव विनवून थकलं.

शेवटी विरूपाक्षानं फोन केला. तेव्हा अप्पा म्हणाले, “तुझं यंत्र घेऊन ये. मग सांगशील तसं करीन.”

त्या एका वाक्यानं विरूपाक्षाची छाती चार बोटं फुगली. त्यानं डॉक्टरांना कळवून टाकलं, “अप्पा माझ्या यंत्राचं ऐकणार आहेत.”

डॉक्टर व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, “मिनिटाला चार लिटरच्या खाली रक्त फेकत असलं तर आजच्या आज घेऊन या. वर असलं तर गोळ्या वाढवतो, घरी राहू देत. एक आकडा सांगा, बाराच्या आत.”

एकच आकडा हवा होता. आणि सकाळचे नऊ वाजले होते.

विरूपाक्षानं अप्पांच्या मानेवर आणि बरगड्यांवर इलेक्ट्रोडच्या चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि पाठीमागची उशी हळूच ओढली.

“उशी काढू नको रे बाळा!” स्वयंपाकघरातून गुरव्वा ओरडली. तीस वर्षं मठाचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं आणि विरूपाक्षाच्या अंगावरचं निम्मं मांस तिच्या भाकरीचं होतं. “महिना झाला, भिंतीला टेकूनच झोपतात ते. आडवं झालं की घुसमटतंय त्यांना.”

“दोनच मिनिटं, आक्का. सरळ झोपल्याशिवाय आकडा बरोबर येत नाही.”

“दोनच मिनिटं,” अप्पा म्हणाले आणि आडवे झाले.

पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होऊ लागली. शंभर ठोके झाले आणि आकडा आला.

चार पॉइंट सहा.

विरूपाक्षाचा जीव भांड्यात पडला. “अप्पा, छान आहे! चारच्या वर. कुठं जायला नको तुम्हाला.”

अप्पा छताकडं बघत होते. “तुला काय वाटतं?”

“मला वाटायचा प्रश्नच येत नाही, अप्पा. आकडा आहे.”

“अजून एकदा बघ की.”

“कशाला? शंभर ठोक्यांवरून काढलाय.”

“बघ की…”

म्हाताऱ्या माणसाची समजूत म्हणून त्यानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा शंभर ठोके.

दोन पॉइंट नऊ.

विरूपाक्षानं डोळे चोळले. मग चष्मा पुसला. आकडा तोच होता.

“हललात का, अप्पा?”

“नाही रे.”

“खोकलात? गिळलंत काही?”

“काय गिळू? तू चहासुद्धा देऊ दिला नाहीस.”

तिसऱ्यांदा तीन पॉइंट आठ. चौथ्यांदा पाच पॉइंट एक.

पाच पॉइंट एक म्हणजे तरण्याताठ्या पैलवानाचं हृदय. दोन पॉइंट नऊ म्हणजे ज्याला उचलून गाडीत घालावं असा माणूस. आणि दोन्ही एकाच खाटेवर, दहा मिनिटांच्या अंतरानं. विरूपाक्षाच्या डोक्याला मुंग्या आल्या. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यानं दीडशे माणसं तपासली होती. एकाच माणसाचे दोन आकडे पॉइंट दोननंसुद्धा कधी हलले नव्हते.

त्यानं वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. मठाची वीज खराब म्हणून यंत्र बॅटरीवर घेतलं. खाट लोखंडी म्हणून अप्पांना खाली चटईवर घेतलं. चटईवर तीन पॉइंट तीन आलं. मग लाकडी बाजेवर घेतलं. बाजेवर चार पॉइंट सात आलं.

गुरव्वा दारात येऊन उभी राहिली. पिठाचे हात तसेच. “नाचता येईना म्हणं अंगण वाकडं. अजून किती जागा बदलालास? विहिरीत सोडून बघतोस का आता?”

“आक्का, जरा गप्प बस गं.”

“मी गप्पच हाय. यंत्रच बोलालंय तुझं, दर खेपेला येगळं.”

तेवढ्यात विरूपाक्षाची नजर अप्पांच्या छातीवर गेली. आणि गेली ती तिथंच खिळली.

गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची डबी होती. डबीत त्यांचं इष्टलिंग. छातीच्या बरोबर मधोमध, सगळ्या पट्ट्यांच्या मध्ये, चांदीची डबी!

“सापडलं!” तो जवळजवळ ओरडलाच. “अप्पा, चांदी! वीज चांदीतून धावत सुटते. श्वासासरशी डबी हलते, म्हणून आकडा हलतो. एवढं गळ्यातलं काढून ठेवता का?”



गुरव्वाच्या हाताचं पीठ खाली पडलं.

बोलून गेल्यावर विरूपाक्षाला कळलं आपण काय बोललो ते. लिंग अंगावेगळं करायचं नसतं. दीक्षेच्या दिवशी ते गळ्यात येतं आणि माणूस गेला तरी त्याच्याबरोबरच मातीत जातं. मठात सहा वर्षं वाढलेल्या माणसानं हे विचारावं… त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“चुकलो, अप्पा. मी…”

“चांदीची अडचण आहे ना?” अप्पा म्हणाले.

“हो, पण…”

“लिंगाची नाही ना?”

“नाही. ते काही… नाही.”

अप्पा धडपडत उठून बसले. डबी उघडली. आतलं काळं, गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घेतलं, रोज पूजेला घेतात तसं. रिकामी डबी दोऱ्यासकट गळ्यातून काढून बाजूला ठेवली. मग डावा हात पोटावर घेऊन पुन्हा आडवे झाले.

“घे तुझी चांदी,” ते म्हणाले. “बघ आता.”

गुरव्वानं तोंड फिरवलं. डाव्या तळहातावर लिंग आणि मिटलेले डोळे. मठाच्या मागं जी माणसं पुरली होती त्यांच्याही तळहातावर शेवटी ते असंच ठेवलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती आत निघून गेली.

विरूपाक्ष पडद्याकडं वळला. त्यानं बटण दाबलं.

दोन पॉइंट सात.

पुन्हा दाबलं.

चार पॉइंट नऊ.

म्हणजे चांदीचाही दोष नव्हता.

तो मटकन खाली बसला. बिचाऱ्या डबीला उगाच बाहेर काढलं. आता उरलं काय? यंत्रच बिघडलं असणार. त्यानं शर्ट काढला, पट्ट्या स्वतःच्या मानेला लावल्या आणि जमिनीवर आडवा झाला. पाच पॉइंट चार. पुन्हा पाच पॉइंट चार. तिसऱ्यांदा पाच पॉइंट पाच.

यंत्र ठणठणीत होतं. तोही ठणठणीत होता. नुसतं डोकं चालत नव्हतं.

“अप्पा, मला समजतच नाहीये…”

“काय?”

“यंत्र चांगलं आहे. वायरी चांगल्या आहेत. तुम्ही हलत नाही. मग आकडा का हलतो?”

अप्पांनी मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाले, “माझा श्वास चालतो तेव्हासुद्धा ती वाट बदलत असेल की तुझ्या विजेची.”

“बदलते. हवा भरली की अडते. पण श्वास आम्ही वजा करतो.”

“आणि खोकला?”

“तो टाकून देतो.”

“गिळलं तर?”

“तेही टाकतो.”

“अजून काय काय टाकतोस?”

विरूपाक्षाला या प्रश्नांचा कंटाळा आला होता. पण मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं त्यानं उत्तर दिलं. “इतर ठोक्यांशी न जुळणारा ठोका आला की तोही टाकतो. एखादा फार मोठा, एखादा फार लहान. वायर सैल झाली, माणूस हलला की असे ठोके येतात. ते खरे नसतात.”

“कुणी ठरवलं?”

“मीच. प्रोग्रॅममध्ये तशी एक ओळ घातलीय. त्या ओळीमुळं तर आकडा स्थिर येतो, अप्पा.”

“आणि ज्याचं काळीजच तसं ठोकतं… एक लहान, एक मोठा?”

“असे पेशंट आम्ही घेतलेच नव्हते.”

“का रे?”

“त्यांच्यामुळं आकडे बिघडतात.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. “म्हंजे दुखणाईत माणूस सोडून बाकी समद्यांचं बघतंय व्हय तुझं यंत्र?” गुरव्वानं विचारलं.

अप्पांना हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि खोकला बराच वेळ थांबला नाही.

विरूपाक्ष मात्र हसला नाही.

“माझे किती टाकलेस?” खोकला थांबल्यावर अप्पांनी विचारलं.

टाकलेल्या ठोक्यांचा हिशोब पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात येत होता. त्यानंच तो तिथं ठेवला होता. प्रयोगशाळेत तिथं तीन नाही तर चार असायचं, म्हणून पुढं पुढं त्यानं तिकडं बघणंच सोडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. आज त्यानं अप्पांची नोंद पुन्हा उघडून तिथं बघितलं.

“किती?”

“एकाहत्तर,” विरूपाक्ष म्हणाला. “शंभरातले एकाहत्तर.”

“म्हणजे राहिलेले एकोणतीस, तो मी.”

“हो, अप्पा.”

“आणि एकाहत्तर कोण?”

विरूपाक्ष पडद्याकडं बघत राहिला. दर खेपेला यंत्र शंभर ठोके ऐकत होतं, मनाला येतील ते वीस-तीस ठेवत होतं आणि बाकीचे फेकत होतं. दर खेपेला वेगळे ठेवत होतं, वेगळे फेकत होतं. म्हणून कधी पैलवान, कधी मरणाच्या दारातला माणूस. आणि सगळ्यात पहिल्यांदा आला होता तो चार पॉइंट सहा. अप्पांनी अजून एकदा बघ म्हटलं नसतं तर त्यानं तोच फोनवर सांगितला असता, गुरव्वाची भाकरी खाल्ली असती आणि शीळ घालत पुण्याला गेला असता.

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. प्रोग्रॅम उघडला. ती ओळ शोधली. सहा वर्षांपूर्वी ती सुचली तेव्हा त्यानं मित्रांना पार्टी दिली होती. ती त्यानं पुसून टाकली आणि पट्ट्या पुन्हा अप्पांना लावल्या.

“आता काहीच टाकणार नाही, अप्पा. एक शेवटचं बघू?”

“बघ की.”

“दोनच मिनिटं…”

“हो.”

आता पडद्यावर उमटलं ते बघून त्याला वाटलं, आपण हे यंत्र पहिल्यांदाच बघतोय. रेघेला ताल म्हणून नव्हताच. एक उंच लाट. मग दोन इवल्याशा, एकमेकींच्या पाठीवर. मग नुसतीच वाट बघणं… इतका वेळ, की त्याचाही श्वास अडकला. मग एक मध्यम. मग पुन्हा इवलीशी. विहिरीवर पोहरा ओढावा आणि कधी तो भरून यावा, कधी तळाला चूळभर पाणी घेऊन यावा, तसं. चेंडूसारखं उड्या मारणारं हे हृदय दोन महिने असंच चाललं होतं आणि अप्पा त्याच्यावर रोज मठाच्या पायऱ्या चढत होते.

शंभर ठोके झाले.

चार पॉइंट एक.

चारच्या वर. म्हणजे घरी. पण इतक्याशा फरकावर?

पुन्हा बघितलं. तीन पॉइंट नऊ. चारच्या खाली. म्हणजे आजच्या आज दवाखाना.

त्याला वाटलं, आता यंत्रच आपली थट्टा करतंय. आता तर काही टाकलेलं नव्हतं, काही लपवलेलं नव्हतं. सगळंच्या सगळं समोर होतं. आणि तरी होय की नाही तेवढं येत नव्हतं. तिसऱ्यांदा बघितलं.

चार पॉइंट शून्य.

फोन वाजला. बाराला दहा कमी होते.

“हं, काय आलं?” डॉक्टर कस्तुऱ्यांनी विचारलं.

“डॉक्टर… मी…”

“चारच्या वर की खाली?”

विरूपाक्षानं तोंड उघडलं. सहा वर्षांत या यंत्राबद्दल कुणी काही विचारलं आणि त्याला उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं.

“पाच मिनिटांत सांगतो,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पाच मिनिटांत काय सांगणार होता कोण जाणे. पुन्हा बटण दाबायला म्हणून त्यानं हात पुढं केला, “हलू नका” म्हणायला म्हणून अप्पांकडं वळला…

आणि त्याला अप्पा दिसले.

नऊ वाजल्यापासून तो या माणसाच्या हातभर अंतरावर होता. पण बघत होता पडद्याकडं. अप्पांचे ओठ जांभळट झाले होते. नाकपुड्या दर श्वासाला फुलत होत्या. गळ्याच्या दोन्ही बाजूंना शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या. बाजेच्या लाकडाला पाय टेकला होता तिथं सुजलेल्या मांसात एक खोल खाच पडली होती आणि ती भरून येत नव्हती. दोन मिनिटं म्हणून सरळ झोपवलेला माणूस तीन तास जवळजवळ सरळच झोपला होता. उशी द्या म्हणालाही नव्हता.

“अप्पा!”

तो झेपावला. त्यानं अप्पांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना उठवून बसवलं. वायरी ताडताड निघाल्या. यंत्र कोकलायला लागलं. त्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. टेकायला भिंत लांब होती, म्हणून तो स्वतःच मागं बसला आणि अप्पांची पाठ त्यानं आपल्या छातीला टेकवून घेतली.

कितीतरी वेळ अप्पा नुसते श्वास घेत होते.

विरूपाक्षाच्या उघड्या छातीवर ते ठोके येत होते. एक मोठा. दोन लहान. मग काहीच नाही… मग एक. यातला खरा कोणता आणि खोटा कोणता, असं काही त्याच्या मनात आलं नाही. फक्त मधली ती जागा आली की त्याला वाटायचं, आता पुढचा येतो की नाही. आणि आला की डोळ्यांत पाणी यायचं.

गुरव्वा तांब्या घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

“अप्पा,” विरूपाक्ष म्हणाला, “मला काही कळेनासं झालंय.”

“हं…”

“आकडा एकदा जा म्हणतो, एकदा राहा म्हणतो. डॉक्टरांना काय सांगू ते समजत नाही. यंत्र बरोबर आहे की चूक, तेही आता समजत नाही.”

“हं…”

“पण मला भीती वाटतेय, अप्पा. खूप भीती वाटतेय.”

डाव्या हातातलं लिंग अप्पांनी डबीत ठेवलं, डबी मिटली, दोरा गळ्यात घातला. कुणाची मदत घेतली नाही.

मग म्हणाले, “गुरव्वा, माझी शाल आण.”

“शाल? ह्या उन्हात? कुठं निघालाव?”

“हा नेईल तिथं.”

गुरव्वा एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. दोन महिने अख्ख्या गावाला नको म्हणणारा माणूस! मग तांब्या तिथंच ठेवून ती धावत शाल आणायला गेली आणि आत जाऊन रडली असावी, कारण आली तेव्हा शाल ओली होती.

विरूपाक्षाला अजून उलगडा होत नव्हता. त्यानं अप्पांना उभं केलं. त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्याला थांबले. दार चार हातांवर होतं आणि अंगणात चिंचेखाली गाडी उभी होती.

मागं यंत्र एकटंच कोकलत होतं. पडद्यावर अजून चार पॉइंट शून्य.

“पण अप्पा,” त्याला राहवेना, “डॉक्टरांनी आकडा विचारलाय… आणि तो तर अजून धड आलाच नाही.”

अप्पा चौकटीला धरून उभे होते. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसरा पुरता यायच्या आतच म्हणाले,

“आकड्याला कुठं दम लागलाय, विरूपाक्षा?”